भन्ते बोलले एक, आम्ही ऐकलं भलतंच

मामाचा निरोप लोहाऱ्याकडून आलेल्या एका एसटी कंडक्टरनं आणला. "तुमचे मामा म्हणलेत, वस्तीवर भन्ते येणार हायत. ताईला घिऊन या. जेवान तिच्याच हातचं पायजे, आन् हुग्गी करायची हाय." एवढं बोलून तो आपल्या गाडीकडं पळाला. आईनं विड्यांचं सूप बाजूला सारलं आणि भिंतीला टेकून बसली. आनंद झालाय की धडकी भरलीय, तिचं तिलाच कळेना.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्यानंतर एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. आम्ही सोलापूरला राहायचो. वडील गिरणीत, आई विड्या वळायची आणि मी नुकतीच शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. लोहाऱ्याजवळचं ते खेडं म्हणजे आईचं माहेर. नागपूरला दीक्षेचा सोहळा झाल्यावर आमची गावकुसाबाहेरची सगळी वस्ती बौद्ध झाली होती. देव्हारे गेले, कोनाड्यात बुद्धाचं चित्र आलं, वंदना पाठ झाली. पण चीवर घातलेला खराखुरा भिक्खू काही अजून कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. येणारे भन्ते मोठे नावाजलेले. ब्रह्मदेशात राहून शिकलेले, लांबलांबून लोक त्यांना भेटायला जायचे. त्यांच्याबद्दल एक कुजबुजही कानावर आली होती. जन्मानं ते म्हणे पूर्वेकडच्या कुठल्याशा सोवळ्यातल्या घरचे.

"खात्याल का गं ते माज्या हातचं?" आईनं विचारलं.

"न खायला काय झालं? तेही बौद्ध, आपणही बौद्ध."

"तुला बोलाया काय जातंय," आई म्हणाली.

आणि खरंच माझं काय जात होतं? आईच्या हाताला अशी चव होती की तिच्या नुसत्या पिठल्यावर माणूस दोन भाकरी जास्त खाईल. पण आमच्या माणसांपलीकडं तिच्या हातचं कुणी कधी खाल्लं नव्हतं. माहेरच्या गावात तिनं मोठ्या घरांची जोंधळ्याची कणसं खुडली, अंगणं झाडली. पाणी मात्र तिनं, कुणी वरून ओततील तेव्हा, ओंजळीनं प्यायचं. आता एवढा मोठा माणूस तिच्यापुढं जेवायला बसणार. तो जेवला तर तिचं सोनं होणार, आणि नाही जेवला तर काय, हे ती बोललीच नाही.

वडिलांची पाळी होती, म्हणून आम्ही दोघीच निघालो. तुम्हाला हा रस्ता करायचा असेल तर सांगते. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं नळदुर्ग, आणि तिथून लोहाऱ्याची गाडी. आता स्वतःच्या गाडीनं भर्रकन होतं, तेव्हा एसटी फाट्याफाट्याला थांबायची आणि चढणीला धापा टाकायची. तिकीट स्वस्त होतं, पण हाडं खिळखिळी व्हायची ती वेगळीच. नळदुर्गच्या स्टँडवर भजी खा. किल्ला बघायचा तर सकाळीच बघा, दुपारी दगड पायाला चटके देतात. आम्ही किल्ला लांबूनच पाहिला, कारण आईच्या मांडीवर गाठोडं होतं आणि त्यावरची नजर ती हलवायला तयार नव्हती. गाठोड्यात कांडून आणलेली खपली. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची गूळ घालून शिजवलेली घट्ट खीर. त्या सीमाभागात हुग्गीशिवाय मोठा पाहुणा होत नाही.

शेजारी एक कानडी वळणाची बाई बसली होती. तिनं गाठोडं चाचपून बघितलं. "खपली काय अव्वा? कुणाचं लगीन?"

"लगीन न्हाय. भन्ते येणार हायत."

"म्हंजी कोन, जंगम काय?"

आईनं जरा विचार केला. "तसंच बगा. पर ह्यांच्या डोक्यावर केसबी न्हाईत आन् फेटाबी न्हाय."

बाईला ते पटलं. उतरताना तिनं आईच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या. आई कोण, कुठली, हे तिनं विचारलं नाही आणि आईनंही सांगितलं नाही.

लोहाऱ्याच्या जरा पुढं फाट्यावर उतरून बैलगाडी. दोन्हीकडं काळं रान, करडई पिवळीधम्मक फुललेली. मामा फाट्यावर आला होता. हा माझा मामा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चार बुकं शिकलेला, त्यामुळं त्याची मान कायम जरा वर. "भन्ते हिंदी बोलत्यात," तो म्हणाला. "सगळ्या वस्तीत त्येंच्याशी बोलणारा म्या एकटाच. समजलं काय?"

दुसऱ्या दिवशी वस्ती कशी दिसत होती म्हणून सांगू! अंगणं सारवलेली, दारोदार आंब्याचे डहाळे, पोरांच्या डोक्याला तेल चोपडलेलं. आईनं उजाडायच्या आधीच चूल पेटवली होती. हुग्गीत गूळ पडला, खोबरं पडलं, खसखस पडली, आणि वास असा सुटला की कुत्रीसुद्धा शहाण्यासारखी ओळीनं येऊन बसली. भन्ते सकाळी पोचणार होते. सकाळ गेली. सूर्य डोक्यावर आला. आई दर थोड्या वेळानं झाकण काढायची, पळी फिरवायची, पुन्हा झाकायची.

"येत्यात गं," मामा म्हणायचा. चौथ्यांदा म्हणाला तेव्हा मीच त्याच्यावर खेकसले.

झालं होतं असं, की त्यांची एसटी वाटेत पंक्चर झाली. बरोबरचे कार्यकर्ते पुस्तकांच्या पेट्या घेऊन मागंच अडकले आणि भन्ते दुसऱ्या गाडीनं एकटेच फाट्यावर उतरले. मामा बैलगाडी घेऊन गेला, तर ते गाडीत बसेनात. चालतच निघाले. ऊन कलायला लागलं तेव्हा वस्तीच्या टोकाला आधी ते दिसले, मागं रिकामी बैलगाडी आणि तिच्याबरोबर घामाघूम झालेला मामा. भन्ते म्हातारे, बुटके, पुढचे दात पडलेले, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. बुवा-महाराज म्हटलं की मला आधीपासून तिडीक यायची. पण हा माणूस येऊन बसला आणि पहिल्यांदा त्यानं काय केलं असेल, तर बैलाला पाणी पाजा म्हणून खूण केली. मला ते आवडलं.

वंदना झाली. बायकांनी फुलं वाहिली. सतरंजी अंथरली, पत्रावळ मांडली, आणि आई हुग्गीचं पातेलं घेऊन पुढं आली. मामानं घसा साफ केला. "भन्तेजी, खाना तैयार है. आपके वास्ते मेरी बहन सोलापूर से आयी."

भन्ते हसले, हात जोडले. "नहीं, भोजन नहीं. अब विकाल हो गया."

दात पडलेल्या तोंडातून तो शब्द निघाला, आणि आम्हा सगळ्यांच्या कानात शिरेपर्यंत त्याचा दुसराच शब्द झाला. विटाळ. विटाळ हो गया.

आजच्या पोरांना सांगावं लागेल, विटाळ म्हणजे शिवाशिवीनं बाटणं. आमची माणसं जन्मली की हा शब्द त्यांच्या आधी दारात उभा असायचा. तो पुसायला तर दीक्षा घेतली होती!

एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मामाचं तोंड उतरलं. आईच्या हातात पळी तशीच होती आणि तिच्यावरून हुग्गी टपटप पातेल्यात पडत होती. माझ्या तर अंगाची लाही लाही झाली. "चल आई, ऊठ," मी म्हणाले. "गाठोडं बांध. असल्यांना वाढायला आलो का आपण?"

"गप," आई म्हणाली. "म्या इचारते."

तिनं पळी ठेवली, पदराला हात पुसले आणि भन्तेंच्या पुढं जाऊन उभी राहिली. उभी राहिली तीही लांब, सवयीनं. "बाबा, इटाळ कुणाचा झाला? माजा का?"

भन्तेंना ते कळलं नाही. त्यांनी मामाकडं पाहिलं. मामा कसाबसा म्हणाला, "पूछ रही है, भन्तेजी, विटाळ किसका हुआ?"

"विटाळ?" भन्तेंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यह विटाळ क्या होता है?"

एरवी मामाला शब्दांची काय कमी? पण तेव्हा तो सदऱ्याचं टोक पिळायला लागला. "विटाळ बोले तो... बोले तो..."

"सांग की रं," आई म्हणाली. "आमी शिवलं की पानी बाटतं, अन्न बाटतं. त्येला इटाळ म्हणत्यात. लाजाया काय झालं? आपुन थोडाच काडलाय त्यो शबूद?"

मामानं जमेल तसं सांगितलं. भन्ते ऐकत गेले, आणि ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते उठून आईच्या समोर आले. "नहीं माई, नहीं. विकाल. वि-का-ल." त्यांनी कललेल्या सूर्याकडं बोट केलं. "दोपहर हो गयी. भिक्षु दोपहर के बाद नहीं खाता. राजा के घर भी नहीं. अपनी माँ के घर भी नहीं."

आई सूर्याकडं बघायची, त्यांच्याकडं बघायची. "म्हंजी येळ?" तिनं मामाला विचारलं. "जेवायची येळ टळली म्हणत्यात व्हय हे?"

"व्हय गं ताई, येळ! येळच!" मामा जवळजवळ ओरडलाच.

"आगं बया बया!" आई मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, पुन्हा हसली. "येळंचं बोलतंय की हे! आन् आमी काय ऐकलं, बगा तरी!" मग सगळी वस्तीच हसत सुटली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि मी आईशेजारी बसकण मारली.

सगळ्यांचं हसून झाल्यावर भन्ते म्हणाले, "पानी पी सकता हूँ, माई. बहुत चला हूँ. पानी दोगी?"

"माज्या हातनं?"

त्यांनी झोळीतून आपलं पात्र काढून पुढं धरलं. आईनं तांब्या भरून आणला आणि वरून धार सोडायला हात उंच केला. जन्मभर तिनं तेच पाहिलं होतं, पाणी उंचावरून ओतायचं, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. भन्तेंनी पात्र वर उचललं आणि तांब्याच्या काठाला टेकवलं. टेकवलेलंच ठेवलं, ते भरेपर्यंत. मग खाली बसून सगळं पाणी प्यायले.

संध्याकाळी त्यांचं प्रवचन झालं. खरं सांगायचं तर निम्मं कुणालाच कळलं नाही, कारण मामा मधेच आपल्या पदरचं घालत होता. हुग्गी मात्र सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. भन्ते समोर बसून आम्हाला खाताना बघत होते. त्यांनी कशाला हात लावला नाही आणि कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

सकाळी आईनं उरलेल्या खपलीची ताजी हुग्गी केली. भन्ते पात्र घेऊन वस्तीत निघाले, प्रत्येक दारात थांबत आमच्या दारात आले. आईनं एक पळी वाढली, दुसरी वाढली. त्यांनी पात्रावर हात आडवा धरला. "बस, माई."

"न्हाय न्हाय, आनिक घ्या. काल उपाशी ऱ्हायलाव."

"बस, बस."

"येवडीशी तर हाय! लाजू नगा."

भिक्खूला आग्रह करायचा नसतो, हे सांगायला कार्यकर्ते तोवर येऊन पोचले होते. पण आईपुढं त्यांची डाळ शिजेना. तिनं हाताच्या कडेकडेनं आणखी एक पळी सोडलीच. भन्ते पुढचे दात पडलेलं तोंड उघडून मनापासून हसले, आणि ओट्यावर बसून त्यांनी सगळं संपवलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एवढी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

परतीच्या गाडीत नळदुर्ग आलं. मग एकदम म्हणाली, "येवडा शिकल्याला मानूस. धा मुलखाचं पानी प्यालेला. आन् त्येला त्यो शबूद ठावं न्हवता बग."

"हो ना."

"म्हंजी आसा मुलूख हाय गं कुठंतरी. जितं ह्यो शबूदच न्हाय."

सोवळ्यातल्या घरची कुजबुज खरी होती की खोटी, मला आजही माहीत नाही. खरी असेल, तर तो शब्द तिकडं दुसऱ्या नावानं असणारच, असं माझं मास्तरी डोकं म्हणत होतं. पण आईला ते बोलून दाखवायची मला मुळीच इच्छा झाली नाही.

त्या मुलखात मी नंतर पुष्कळदा गेले. आता वस्तीपर्यंत डांबरी रस्ता आहे, विहार आहे, आणि दुपारी बाराच्या आत भन्तेंना जेवू घालायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोठी शहरं पाहिली, लेणी पाहिली, मोठमोठ्यांची भाषणं ऐकली. त्यातलं फारसं आठवत नाही.

सोलापूरला परतलो त्या दिवशी गल्लीतल्या बायका आईभोवती गोळा झाल्या. एवढे मोठे भन्ते, एवढी मोठी विद्या! जी ती विचारायला लागली, "सांगा की, काय बोलले भन्ते?"

आईनं सूप मांडीवर ओढलं, तंबाखू सारखी केली आणि म्हणाली, "पानी मागिटलं त्येनी माज्याकडं."