पहिली चरवी

आमच्या गावच्या दूध संस्थेत रोज सकाळी पहिली चरवी आमच्या घरची रिकामी व्हायची. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. माझे सासरे संस्थेचे चेअरमन होते. मोठ्या दुष्काळात गावचे गोठे ओस पडले, त्यानंतर भूमच्या बाजारातून म्हशी आणवून त्यांनी ही संस्था उभी केली. सगळ्या वस्त्यांचं दूध एकाच कॅनमध्ये जाणार म्हटल्यावर काही घरांनी नाकं मुरडली. मामंजींनी वाद घातला नाही. कॅनमध्ये आधी आपली चरवी ओतली, तिच्यावर बौद्ध वस्तीतल्या एका बाईला तिची ओतायला लावली, आणि त्याच दुधाचा चहा करवून सगळ्यांदेखत प्याले. नाकं मुरडणारे मुकाट रांगेत आले. मी सून होऊन आले तेव्हा ती चरवी माझ्या हाती आली, आणि खरं सांगायचं तर रांगेत पहिलं उभं राहण्याची मला चांगलीच ऐट होती.

पुढं मामंजींच्या छातीत कळा येऊ लागल्या. धाराशिवच्या डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितली. संचालकांची बैठक झाली आणि बौद्ध वस्तीतल्या त्या दुसऱ्या चरवीवाल्या बाईचा मुलगा चेअरमन झाला. व्हाईस चेअरमन म्हणून तोच तर सगळं ओढत होता. तालुक्याच्या कचेरीला कळवलं, बँकेला कळवलं. गावात मात्र दिवाळीपर्यंत बोभाटा नको, असं ठरलं. ते मामंजींनाही बरं वाटलं. आपल्याला चार पायऱ्या चढवत नाहीत, हे त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

पण मामंजी सकाळी दूध संकलनाला दिसेनात. गाव काही आंधळं नव्हतं. संस्था बुडाली म्हणून म्हातारा घरात बसला, असं एक जण म्हणाला. त्याला ढकलून खुर्ची बळकावली, असं दुसरा म्हणाला. नव्या चेअरमनची जात काढायला निमित्त शोधणारे तर टपलेच होते. खव्याच्या भट्टीवाल्यानं लगेच दूध विकत घ्यायला वेशीत माणूस उभा केला. रोज रांग आखूड होऊ लागली. असंच चाललं असतं तर संकलनाची गाडी आमच्या गावात यायची थांबली असती, आणि गाडी थांबली म्हणजे संस्था संपली.

एका संध्याकाळी नवा चेअरमन घरी आला. मामंजींनी त्याला बाजेवर शेजारी बसवलं. तो खाली बघत म्हणाला, "चेअरमन, खुर्ची लपवून देऊ नका. मी चोरली म्हणायलेत लोक. उजेडात द्या, न्हाय तर राहू द्या."

मामंजी चिडले. लोकांना काय सांगू, म्हातारा मोडला म्हणून? असं त्यांनी विचारलं. मी दारात पदर सावरून उभी होते. सुनेनं मध्ये बोलायची रीत नव्हती, पण माझ्यानं राहवलं नाही.

"व्हय मामंजी, तेच सांगा. बँकेला सांगितलं, कचेरीला सांगितलं. रोज दूध घालणाऱ्या बायांना कुणी सांगितलं? तुम्ही न्हाय सांगितलं म्हणून लोक त्याहून वंगाळ सांगायलेत."

त्या रात्री माझ्याशी कुणी बोललं नाही.

सकाळी मामंजी काठी घेऊन माझ्या आधी बाहेर पडले. संकलन केंद्रापर्यंत वाटेत दोनदा बसले, सगळ्यांना दिसेल असे बसले. रांगेसमोर उभे राहून म्हणाले, "माझं काळीज थकलंय. मला कुणी काढलं न्हाय, म्याच ह्याला बसवलंय. माप तेच, भाव तोच. मला इचारायचात ते आता ह्याला इचारा. माझ्या घरी आलात तर चहा मिळंल, निकाल न्हाय मिळायचा."

एका म्हातारीनं विचारलं, फॅट कमी लागली तर कुणाशी भांडायचं? मामंजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. नव्या चेअरमनकडं बघत राहिले. त्यानं तिला उत्तर दिलं. मग मामंजींनी मला हातानं बाजूला केलं आणि त्याच्या आईला पुढं बोलावलं. रिकाम्या कॅनमध्ये तिचं दूध पडलं. मामंजींनी माझ्या हातातली चरवी घेतली आणि त्यावर स्वतः ओतली.

भट्टीकडं गेलेली बरीच घरं हळूहळू परत आली. काही कधीच आली नाहीत. त्यांच्याविषयी मला आजही कळवळा नाही.

दोन उन्हाळ्यांनंतर मामंजी गेले, पहाटे. घरात रडारड चालली होती, आणि मला ऐकू आलं की रस्त्यानं बाया रोजच्यासारख्या चरव्या घेऊन केंद्राकडं निघाल्यात. मला संताप आला. ज्यानं हे सगळं उभं केलं त्याच्यासाठी एक दिवस तरी थांबावं की नाही? मग लक्षात आलं, याचसाठी तर ते त्या सकाळी काठी टेकत गेले होते. तेव्हा मला खरं रडू फुटलं.

तेवढ्यात नव्या चेअरमनची आई गोठ्यात आली. तिनं आमच्या म्हशी पिळल्या आणि दोन्ही घरच्या चरव्या घेऊन गेली. केंद्रावर तिनं काय केलं, ते मला नंतर कळलं. त्या दिवशी तिनं आधी आमची ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिची पहिली होती.