पाणी बघणारे चाचा

आमच्या मस्कतमधल्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर चाचा रत्नागिरीकडचे. कशालाही ‘इन्शाल्ला’ एवढंच उत्तर. शुक्रवारी नववीच्या मुलींना आम्ही सूर गावच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. दुसऱ्या बसचा ड्रायव्हर सावलीत आडवा झाला. हे मात्र पाण्यात खेळणाऱ्या मुलींकडे टक लावून उभे. मला ते खटकलं.

“चाचा, गाडीत जाऊन बसा,” मी तुटकपणे म्हटलं.

“तुम्ही पोरी बघा, मॅडम. मी पाणी बघतोय.”

माझा विश्वास बसला नाही. मी मुद्दाम त्यांच्यासमोर आडवी उभी राहिले. एवढ्यात मला बाजूला सारून ते कपड्यांसकट पाण्यात धावले आणि पाण्याच्या ओढीत सापडलेल्या एकीला मनगट धरून बाहेर घेऊन आले.

मी “थँक्यू, चाचा” म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.