हौदाच्या गणितातली गाय

आमच्या गावाला रेल्वे नव्हती, नळ नव्हता आणि कुणाला सरळव्याजानं पैसे देईल असा माणूसही नव्हता. तरी पाचवीच्या त्या वर्षी मी दिवसभर रेल्वेगाड्या, नळ आणि सरळव्याज यांच्यातच राहत होते. बाहेर दुष्काळ होता. आत, शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या फळ्यावर, हौद भरत होते.

लातूर जिल्हा नवाच झाला होता. म्हातारी माणसं अजून उस्मानाबादच म्हणायची आणि मग जीभ चावायची. या नव्या जिल्ह्याला सरकारनं एक निवासी शाळा दिली होती. तिथं राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट, पण आत जायला परीक्षा होती आणि परीक्षेत निम्मं गणित होतं. आमच्या गावची शाळा पाचवीवर संपायची. पुढची शाळा जळकोटला, आणि मधे नुसता उन्हाचा रस्ता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओसरीवर बसून निकाल लावून टाकला होता.

"पास झाली तर जाऊ दे तिकडं. न्हाई तर बास झालं. जळकोटला रोज कोण सोडायचं?"

अव्वा, म्हणजे आई, चुलीपुढं भाकरी थापत होती. मला शिकायचं होतं. का, ते सांगता आलं नसतं, पण घरी बसायचं नुसतं मनात आलं तरी मी पाटी घेऊन उठायची.

माझं एक वाईट होतं. गणित वाचलं की मी त्यात शिरायची. 'वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे' असं वाचलं की मला त्या मुलाची आई कुठं गेली याचा घोर लागायचा. 'बारा मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात' म्हटलं की ती भिंत कुणाची, तिच्या सावलीत कोण बसतं, हे बघत मी बसायची. दुपारी लिंबाखाली वर्ग भरायचा. उन्हानं समोरच्या घरांची माळवदं हलल्यासारखी दिसायची, डोळे अर्धे मिटायचे, आणि त्या हलत्या हवेतून गणितातली माणसं हळूहळू चालत यायची.

आमचे गुरुजी नांदेडकडचे. त्यांच्या घरामागून रूळ गेलेले. ते 'मी शिकवून राहिलो, तुम्ही झोपून राहिले' असं बोलायचे आणि आम्ही तोंडावर पाटी धरून हसायचो. मला म्हणायचे, "पोरी, माणसं सोड, आकडे धर. उत्तर लिहून झालं की मग जा त्यांच्या घरी जेवायला, मी नाही म्हणत नाही."

त्यांच्याकडं युक्त्या खूप होत्या. उत्तरं चार दिलेली असतात, तेव्हा गणित सोडवायच्या आधी उत्तरं वाचा, जे होणंच शक्य नाही त्याच्यावर काट मारा. नाहीच जमलं तर उत्तर उचलून गणितात टाकून बघा, बसतंय का. आणि अडलेल्या गणिताला रामराम करून पुढं चालायचं, येताना भेटू म्हणायचं. आम्हाला हे शेवटचं काही झेपायचं नाही. आमच्याकडं दिसलेल्या माणसाला 'कुठं निघालात' न विचारता कुणी पुढं जातं का?

रेल्वे आमच्यातल्या कुणीच बघितली नव्हती. म्हणून गुरुजींनी आमचीच गाडी केली. एकानं दुसऱ्याचा सदरा धरायचा आणि शाळेच्या पडवीपुढून चालायचं. पडवी म्हणजे फलाट. इंजिन झालेला पोरगा पडवीच्या पार गेला की आम्ही ओरडायचो, "गेली गाडी!" गुरुजी म्हणायचे, "शेपूट कुठं गेलं? शेवटचा डबा निघाला म्हणजे गाडी निघाली." शेवटचा डबा मी. अंगानं किडकिडीत आणि मनानं भलतीकडंच, त्यामुळं मी कायम मागं. गाडीची लांबी फलाटाच्या लांबीत का मिळवायची, हे मला तेव्हा असं समजलं की आजतागायत विसरले नाही.

पण हौदाला आम्ही सगळेच अडलो. एक नळ हौद चार तासांत भरतो, खालची तोटी भरलेला हौद सहा तासांत रिकामा करते, दोन्ही चालू ठेवले तर हौद किती वेळात भरेल? अख्ख्या वर्गानं उत्तर दिलं, चार तास.

"अरे, तोटी चालू आहे ना?"

"बंद केली गुरजी," एक जण म्हणाला.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

त्याला प्रश्नच कळेना. पाणी वाहून चाललंय आणि तोटी उघडी ठेवून माणूस गणित करत बसलाय, असं गाव आम्हाला दिसेना. गुरुजींनी परत सांगितलं, खडू आपटला, कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी परत सगळ्यांचं उत्तर चार तास. मग त्यांनी हौदाखालची तोटी पुसली आणि तिच्या जागी एक गाय काढली.

"तोटी नाही. खाली जनावरं पिऊन राहिली. आता कराल का बंद?"

नाही, जनावराचं पाणी कोण तोडेल! मग हौद भरायला उशीरच लागणार, म्हणजे चार आणि त्याखालच्या उत्तरांवर सरळ काट. तासाला पाव हौद येतो, सहावा हिस्सा जातो, उरतो बारावा. बारा तास! सगळ्यांनी एकदम सांगितलं. गुरुजी इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला लवकर सोडलं.

मी मात्र तिथंच बसून राहिले, कारण खडूची ती गाय मला आमची वाटली. आमची गाय देवणी जातीची, अंगावर काळे डाग, निम्मं तोंड काळं. चारा संपला तेव्हा शिमग्यानंतर अप्पा तिला घेऊन चालत किनवटकडं गेले होते. तिकडं रान आहे, ओळखीचा एक माणूस आहे. आले ते एकटेच. "सोडली तिकडं. लई गवत हाय," एवढंच बोलले आणि तोंड धुवायला गेले.

परीक्षा लातूरला होती. गुरुजींनी आम्हाला एसटीनं नेलं, दारात परत युक्त्या म्हणून घेतल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आज कुणाच्या घरी जेवायला जायचं नाही." मी मान डोलावली. आकडे धरले, काट मारली, उत्तरं उलटी टाकून बघितली. एक गाडी पूल ओलांडत होती, तिचं शेपूट मी बरोबर पार नेलं. हात असा चालला होता की मला माझीच गंमत वाटत होती.

मग हौद आला. खाली तोटी होती. मी गुरुजींसारखीच तोटीच्या जागी गाय उभी केली, उत्तर लगेच सापडलं, खूणही केली. आता पुढं जायचं होतं. पण ती पीत होती. कान मागं टाकून, डोळे अर्धे मिटून. पाण्यावर उजेड हलत होता, तिच्या नरड्यातून घोट उतरताना दिसत होता. वरून नळ पडत होता आणि पाणी संपत नव्हतं. मला तिला पाण्यावरून उठवावंसं वाटेना. पिऊ दे, म्हटलं, मग जाऊ. घंटा झाली तेव्हा माझी पुढची पानं कोरी होती.

निकालाच्या यादीत मी नव्हते. गुरुजी संध्याकाळी घरी आले, तेव्हा अप्पा ओसरीवर दोर वळत बसले होते.

"हिला सगळं येत होतं हो," गुरुजी म्हणाले. "पोरी, झालं तरी काय?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. गुरुजी हसायला लागले आणि मधेच थांबले. "म्हणजे मीच आणली ती गणितात," म्हणाले.

अप्पांच्या हातातला दोर थांबला होता.

"पोटभर पिली का गं माय?"

"हाव, अप्पा."

त्यांनी दोर खाली ठेवला. मग म्हणाले, "किनवटला न्हाई पोचली ती. मुखेडच्या पुढं खाली बसली, ती उठलीच न्हाई. दारोदार फिरलो, घोटभर पाणी न्हाई मिळालं."

अव्वा दारात उभी होती. तिनंही हे आजच ऐकलं. तिनं पदर तोंडाला लावला. मला रडूच फुटलं, मी अप्पांच्या गुडघ्याला धरून रडले, आणि त्यांनी मला उठवलं नाही. गुरुजी जायला निघाले.

"गुरजी, थांबा," अप्पा म्हणाले. "जळकोटच्या शाळेत हिचं नाव घालायला कधी जायचं?"