साहेबांच्या फोटोखालचं बटण

इंडोनेशियातल्या सोलो शहरात नवी वेबसाइट तयार झाली की वुर्यानीला बोलावतात. ती चार माणसांना पडद्यासमोर बसवते आणि ती कुठे अडतात ते पाहते. पण सोलोत कुणाच्या कामाला तोंडावर वाईट म्हणायची रीत नाही. ‘छान आहे’ म्हणतात आणि चहा घेतात. म्हणून वुर्यानी बोलण्याकडे फारसं लक्ष देत नाही, बोटांकडे बघते. ती स्वतःही त्यातलीच. अहवालात सगळं स्पष्ट लिहील, पण समोरच्याला ‘चुकलंय’ म्हणणं तिला पन्नाशी आली तरी जमलं नव्हतं.

या खेपेला काम होतं डोळ्यांच्या एका दवाखान्याचं. सोमवारपासून फोनवर नंबर देणं बंद, मग नंबर फक्त वेबसाइटवरून. होमपेज उघडलं की पडदाभर संचालक हर्योतो साहेबांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली त्यांचे स्वागताचे शब्द, आणि नंबर घ्यायचं बटण त्याच्याही खाली. मोतीबिंदूची माणसं तिथवर पोचतच नव्हती. साहेबांनी अहवाल वाचून आभार मानले. बदललं काहीच नाही.

“बटण वर घे,” ती डिझायनर पांजीला म्हणाली.

“साहेबांच्या डोक्यावर?” पांजी दचकला. “ताई, माझं लग्न ठरलंय. नोकरी राहू दे.”

शुक्रवारी तिने साहेबांच्याच खोलीत चाचणी ठेवली आणि पडद्यासमोर बसवलं त्यांच्या थोरल्या बहिणीला. लास्मीबाई दवाखान्याच्या जुन्या पेशंट.

“अरे, किती वाळलायस! बायको जेवायला घालत नाही का?” त्या फोटोकडे बघत म्हणाल्या.

“म्बाक्यू,” साहेब थोरल्या बहिणीला म्हणाले, “नंबर घे ना.”

बोट फोटोच्या कपाळावर टेकलं. मग जोडलेल्या हातांवर. काहीच उघडेना.

“बाजूला हो की रे! दारात काय उभा राहिलायस?” त्या वैतागल्या. मग खोलीतले चेहरे बघून म्हणाल्या, “छान आहे हं. मी आपला फोनच करीन.”

“सोमवारपासून फोन बंद आहे,” वुर्यानी म्हणाली.

“मग मी यायचंच नाही का?”

पांजी स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. शेवटी साहेबांनी वुर्यानीला विचारलं, “फोटो तळाशी, पत्त्याशेजारी ठेवला तर? तिथे दिसेल ना लोकांना?”

‘दिसेल की, साहेब’ हे तिच्या ओठांवर आलंच होतं.

“नाही, साहेब,” ती म्हणाली. “तिथवर फारसं कुणी जात नाही. पण वर ठेवणं चूक आहे. तुम्ही वर असलात की लोकांना नंबर मिळत नाही.”

हर्योतो साहेबांनी चहाच्या पेल्यावरचं झाकण काढलं, घोट घेतला, झाकण परत ठेवलं.

“पांजी,” ते म्हणाले, “खाली घे.”

पांजीने तिथेच बसून बदल केला. लास्मीबाईंनी पुन्हा चष्मा सावरला. या वेळी बोट थेट बटणावर गेलं.

“अगंबाई, मिळाला,” त्या म्हणाल्या. “आणि तू कुठे गेलास रे?”

“तळाला,” साहेब म्हणाले. “कधीचा मिळाला?”

“मंगळवारचा.”

“मग ये मंगळवारी. उपाशीपोटी येऊ नकोस.”