बोंडाचा रस आणि माझा उजवा डोळा

"साखर एवढी असताना मी डोळ्याला हात लावणार नाही," बेळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढं गेलं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यानं सगळं धुरकट दिसायचं.

त्यांनी एचबीएवनसी नावाची तपासणी केली होती. गेल्या तीन महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती होती, ते त्यात कळतं. आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही. मी ते करून पाहिलंय.

मला रागच आला. चहा बिनसाखरेचा, भात मूठभर, गोळ्या वेळेवर. मग ही साखर येते कुठून?

"सकाळपासून पोटात काय काय जातं, सांगा," बाई म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. शेजारी माझी थोरली जाऊ बसली होती. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती म्हणाली, "आनि काजूच्या बोंडाचा रस. साखरंचा कण घालत न्हाई मी. आमच्याच झाडाचा हाय."

आमच्या कुंभारवाडा गावात हंगामात बोंडांचे ढीग पडतात. अक्का ती फडक्यात पिळून माझ्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ पेलाभर रस काढायची. अशक्तपणा जावा म्हणून. मीही चवीनं प्यायचे.

"एका पेल्याला बोंडं किती लागतात?" बाईंनी विचारलं.

"सात-आठ," अक्का म्हणाली.

"तेवढी चावून खाल का?"

मला हसू आलं. दोन खाल्ली तरी बोंड घसा धरतं. बाईंनी समजावलं, "पिळल्यावर चोथा जातो, साखर राहते आणि ती लगेच रक्तात चढते. वरून घातली नाही तरी फळाची असतेच. साखर एकदम उतरून घाम फुटला, थरथर सुटली, तर मात्र अर्धा पेला रस हेच औषध. एरवी नको."

परतीच्या बसमध्ये, वाटेवरचं रामनगर आलं तेव्हा अक्का माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "म्हंजे तुजा डोळा म्याच आडवून ठेवला व्हय?"

"पेला मीच रिकामा करत होते की," मी म्हटलं. तरी तिचे डोळे भरले, आणि मला फार वाईट वाटलं.

रस बंद झाला. बोंडं गोठ्यात जाऊ लागली, म्हशी खूश. पावसाळा सरता सरता साखर आटोक्यात आली आणि ऑपरेशन झालं.

तुमच्या घरीही कुणी मायेनं रस देत असेल, तर त्या माणसालाच डॉक्टरांसमोर बसवा. माझं भलं त्यानंच झालं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोर अक्का होती. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा मला स्पष्ट दिसला, आणि तिच्या दोन्ही बुबुळांवरचा पांढरा पडदाही. मला हाताला धरून इतक्या वेळा दवाखान्यात आणणाऱ्या बाईला स्वतःलाच धड दिसत नव्हतं.

"अक्का, तुला दिसतंय का?" मी विचारलं.

"तुज्यापुरतं दिसत हुतं," ती म्हणाली.

मी तिला तिथूनच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं.