जवाच्या पाण्याची बाटली

आमच्या ह्यांना, म्हणजे प्यो सोक-जे यांना, कोरियातल्या कुन्सान शहरात, आमच्या वस्तीत, चेहऱ्यापेक्षा आवाजावरून जास्त ओळखतात. सकाळी इमारतीच्या मजल्यामजल्यावर "लाँड्रीऽऽ" अशी आरोळी देत कपडे गोळा करायचे आणि मग दिवसभर दुकानात वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहायचं, हे त्यांचं आयुष्य. माणूस इतका सरळ, की कुणाच्या कोटाच्या खिशात चुरगळलेली पावती सापडली तरी ती सरळ करून परत देतील. लग्नाआधी दुकान बंद केल्यावर एक गार बिअर घेत. "आमच्या घरात पिणारा जावई नको," असं माझी आई म्हणाली, आणि त्यांनी सोडली ती सोडलीच. कधी कुरकुर नाही. फक्त उन्हाळ्यात इस्त्री बंद करून मानेवरून रुमाल फिरवताना एक सुस्कारा टाकत. तो कशासाठी ते मला कळायचं. मी कलिंगड कापून पुढे ठेवायची.

या उन्हाळ्यात डबा द्यायला दुकानात गेले, तर मागच्या खोलीत झाकणाची पांढरी बादली. झाकणावर वाकडी नळी, नळीत पाणी, आणि ते पाणी एकसारखं गुडगुडत होतं.

"अहो, हे काय?"

"प्लमचं व्हिनेगर घातलंय."

"तुम्ही? तुम्हाला तांदूळ धुता येत नाहीत."

"फोनवर सगळं दाखवतात आता. तू जा, उशीर होईल तुला."

वास प्लमचा नव्हता. भाजलेल्या धान्याचा होता, जरा कडवट. देवानं मला नाक चांगलं दिलंय. पण विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळल्यावर, दारू निषिद्ध मानणाऱ्या आमच्या चर्चच्या मंडळीची सेविका म्हणून मला काहीतरी करावं लागलं असतं. मी कालचा रिकामा डबा उचलला आणि घरी आले.

पुढचं सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं. घरी बिअर करायचं नवशिक्यांचं किट होतं ते. माल्टचा पाक पाण्यात ढवळायचा, यीस्टची पुडी सोडायची आणि बादली बंद करून वाट बघायची. मग बाटल्यांत भरताना प्रत्येकीत थोडी साखर, म्हणजे फेस धरतो. ती साखर ह्यांनी घातलीच नाही. साखर जास्त झाली तर बाटली फुटते, असं वाचलं होतं. फुटली की आवाज होणार, आवाज झाला की बायको विचारणार. त्यापेक्षा बिनफेसाची परवडली! आणि ती भरली कशात, तर जवाच्या पाण्याच्या धुतलेल्या बाटल्यांत. भाजलेले जव उकळून केलेलं ते तपकिरी पाणी आमच्याकडे साध्या पाण्यासारखं पितात. दुकानात बॉयलरची धग, म्हणून एक बाटली घरी आणून किमचीच्या, म्हणजे मुरवलेल्या कोबीच्या, वेगळ्या फ्रिजमध्ये डब्यांमागे सारली. अजून घोटभरही घेतली नव्हती. बाटलीकडे हात जायचा आणि माझी आई आठवायची, म्हणाले.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांची घरभेट आली. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, म्हणून निवडायच्या लोकांत ह्यांचं नाव होतं आणि रविवारी मतदान होतं, त्यामुळे मी घर आरशासारखं पुसून ठेवलं होतं. पाळकसाहेबांबरोबर ज्येष्ठ सेविका मा बाई आल्या, आणि व्हॅन चालवणारा कुक जोंग-मान.

जोंग-मान एके काळी मासळीबाजाराच्या पायऱ्यांवर पडलेला असायचा. बायको लेकराला घेऊन माहेरी गेली होती. त्याला हाताला धरून प्रार्थनेला आणलं ते ह्यांनीच. "याची जबाबदारी माझी," असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. तेव्हापासून त्यानं थेंबाला स्पर्श केलेला नाही. बायको परत आली, पण "पुन्हा एक घोट, आणि मी चालले," असं बजावूनच.

गीत झालं, वचन झालं, प्रार्थना सुरू झाली. आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना लांब असते. तव्यावर भोपळ्याचे काप होते, म्हणून मी आमेनच्या आधीच हळूच उठले. नेहमीच्या फ्रिजमधलं जवाचं पाणी संपलेलं. किमचीचा फ्रिज उघडला, तर डब्यांमागे एक बाटली! प्रभूनं लाज राखली, असं म्हणत मी पेले भरले. रंग तोच. फेस म्हणाल, तर जवाच्या पाण्यालाही ओतताना इतपत येतो. नाकात तर तळणाचा वास भरलेला.

मी तबक ठेवलं तशा मा बाई म्हणाल्या, "जोंग-मान, प्रार्थना संपेपर्यंत तुझा डोळा तव्यावर होता हं."

"नाही हो बाई, डोळे मिटलेले होते. नाक मिटता येत नाही, त्याला काय करू?"

पाळकसाहेब हसले. "घरोघरी पाणी पिऊन माझ्या पोटाची घागर झालीय. मी आपली पेअरची फोड घेतो."

जोंग-माननं पेला उचलला आणि अर्धा एका दमात घशाखाली उतरवला.

मग तो थांबला. पेल्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा कांजी केलेल्या कापडासारखा पांढरा. तेवढ्यात मा बाईंनी पेल्याला हात घातला. जोंग-माननं त्यावर आपला तळवा ठेवला.

"बाई, राहू द्या. वहिनी, पाणी नासलंय."

"नासेल कसं? फ्रिजमध्येच तर..."

"वहिनी. नासलंय."

त्यानं सगळे पेले गोळा केले, मोरीत ओतले आणि नळ सोडून खळाखळा चूळ भरली. पाळकसाहेब म्हणाले, "उकाडाच असा आहे, चालायचंच." निघताना दाराशी जोंग-मानला बूट चढवता येईनात. टाच आत जाईना. आमच्याकडे त्यानं मान वर करून पाहिलं नाही.

दार लागलं तसे हे फ्रिजपाशी जमिनीवर बसले आणि एकेक सांगत गेले.

"मी पाजली त्याला," म्हणाले.

"ओतली तर मी."

"तू पाणी ओतलंस. पाजली मी."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या प्रार्थनेला व्हॅन आली ती दुसऱ्याच कुणी चालवत. हे चर्चमध्ये आत गेलेच नाहीत. तडक जोंग-मानच्या घरी. मी मागोमाग. दार त्याच्या बायकोनं उघडलं. घर सोडून गेलेली नव्हती, एवढं बघून मी बूट काढून आत शिरले. जोंग-मान जमिनीवर लसूण सोलत बसला होता.

"घेतलीस?" ह्यांनी विचारलं.

"नाही. पण जीभ सारखी तीच चव शोधतेय, दादा. म्हणून किल्ली देऊन टाकली. व्हॅनमध्ये म्हाताऱ्या बायका बसतात."

"काल घरी आल्या आल्या यानं मला तोंडाचा वास घ्यायला लावला," त्याची बायको म्हणाली. "माझी बॅग अजून भरलेलीच आहे, भावजी. यानं लपवलं असतं, तर कालच गेले असते."

हे त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. "मी आजच पाळकसाहेबांना सगळं सांगून टाकतो."

जोंग-माननं हातातला लसूण टोपलीत आपटला. "म्हणजे तुमचं मन मोकळं! आणि माझं? उद्या बाजारात काय म्हणतील? जोंग-मान परत प्यायला. कोणी पाजली, किती पाजली, हे कोण विचारतंय! शिवाय पाळकसाहेबांच्या तोंडावर खोटं बोललो मी. तुमच्यासाठी."

"मग मी काय करू? तू सांग."

"संध्याकाळी येत जा. दुकानं मिटतात ती वेळ वाईट असते. नुसतं बसा माझ्यापाशी."

"किती दिवस?"

"मला काय ठाऊक!"

दुकानातली बादली आणि उरलेल्या बाटल्या ह्यांनी त्याच सकाळी मोरीत रिकाम्या केल्या. आता दिवस मावळायच्या आतच शटर खाली येतं. गिऱ्हाइकं चिडतात, "साहेब झालात की काय?" म्हणून टोमणे मारतात. हे मान खाली घालून कुलूप लावतात आणि जोंग-मानच्या घराच्या दिशेनं चालू लागतात.

रविवारी मतदानाआधी उभे राहिले आणि म्हणाले, "माझं नाव काढा. मी या पदाला लायक नाही." आयुष्यात इतकं खरं कधी बोलले नसतील, आणि एकाही माणसाला ते खरं वाटलं नाही. पाळकसाहेबांनी त्यांचंच उदाहरण घेऊन नम्रतेवर चार शब्द सांगितले. लोकांनी "आमेन" म्हटलं. माझ्या शेजारच्या बाईनं डोळे पुसले. मी गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसलं.

उपासनेनंतर जेवणघरात मा बाईंनी ह्यांच्या वाडग्यात नूडल्सचा दुसरा डाव घातला. "नम्र माणसानं निदान पोटभर जेवावं," म्हणाल्या.

ह्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पलीकडे जोंग-मान पंगतीला किमची वाढत होता. त्यानं ह्यांच्याकडे पाहून 'नको' अशी मान हलवली. अगदी थोडी, मला दिसेल इतकीच. ह्यांनी तोंड मिटलं, काड्या उचलल्या आणि मा बाईंनी वाढलेलं सगळं संपवलं.