मावशीच्या हाताच्या मुंग्या

आमच्या मावशीच्या हाताला इस्त्रीच्या दुकानात मुंग्या यायच्या आणि घरी गेली की गायब! आता याला काय म्हणायचं? डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या. मध्ये टाचेला भेग पडली म्हणून ती काही दिवस दुकानात चपला घालून उभी राहिली, तेव्हा मुंग्या थांबल्या. तिनं गोळ्यांचे गोडवे गायले. भेग भरली, चपला पुन्हा दाराबाहेर गेल्या, गोळ्या चालूच होत्या, तरी मुंग्या हजर. तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. दुकानात चपला नाहीत, हा तिचा कायदा. लोकांचे पांढरे कपडे फरशीला लागतात ना!

खरी धास्ती काकांसारखं, म्हणजे तिच्या नवऱ्यासारखं, होण्याची होती. दुकान मुळात काकांचं. त्यांनाही अशाच मुंग्या आल्या, आणि 'हात गेले' म्हणून ते घरी बसले. तेव्हापासून भरली बादलीसुद्धा उचलत नाहीत. मावशीनं तेव्हा चारचौघांत ऐकवलं होतं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" आता तिचेही हात गेले तर घर चालवायचं कुणी?

परवा माझ्यादेखत पंखा दुरुस्त करायला वायरमन आला. कायद्याप्रमाणे अनवाणी. इस्त्री बाजूला सारायला गेला आणि "आई गं!" करून उडालाच.

"मावशी, प्लगची जाडी पिन कुठाय?"

"मीच मोडली पकडीनं, हे दुकान बघायचे तेव्हा ही इस्त्री आणली त्याच दिवशी. बोर्डाला दोनच भोकं होती. तिच्यावाचून काय अडतंय? तापते की मस्त!"

"तापणारच. आत गळालेली वीज त्या पिनेवाटे जमिनीत जाते. ती वाट तुम्ही मोडलीत, आता ती तुमच्या अंगातून जाते. चपलांनी थोडी अडते, पण त्यांच्या भरवशावर राहू नका, जीव जाईल." त्यानं इस्त्री काढूनच घेतली.

हात शाबूत आहेत म्हटल्यावर मावशीनं हसायला हवं होतं. ती नुसती स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. मग तडक घरी आली, मी मागोमाग.

"अहो, तुमच्या हातांना काही झालंच नव्हतं. पिन मी मोडली होती."

काकांना आधी काही कळेना. मग त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले, उलटसुलट करून पाहिले.

"मग इतकी वर्षं मी सांभाळत काय बसलो होतो?"

राग कुणाचा करावा, मला कळेना. मावशी त्यांच्या शेजारी खाली बसली आणि तिनं त्यांचे हात हातात घेतले.